देव, देऊळ आणि जादू: फँटसी कादंबरीतला धर्म

श्रोतेहो, नमस्कार.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जेम्स फ्रेझर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने जादू आणि धर्म यांच्यामध्ये एक रेघ ओढली. मंत्रतंत्राने अदृश्य शक्तीला कामाला जुंपू पाहते ती जादू, आणि आपल्याहून थोर शक्तीपुढे हात जोडून विनवणी करतो तो धर्म. पुढच्या अभ्यासकांनी ही रेघ बरीच पुसली. नवस बोलणाऱ्या माणसाकडे पाहिले तरी तिची मर्यादा लक्षात येते. आधुनिक फँटसी कादंबऱ्या वाचताना मात्र ती फार उपयोगी पडते.

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ही कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका धर्मगुरू मित्राला पत्राने कळवले होते. आणि नेमक्या त्याच कारणाने पूजाविधींचे उल्लेख आपण जवळजवळ सगळे काढून टाकले, असेही त्या पत्रात आहे. त्यामुळे हॉबिट या कादंबरीतल्या बुटक्या लोकांच्या मुलखात देऊळ नाही आणि पुजारीही नाही. फारामिर या सेनानायकाचे सैनिक जेवायला बसण्यापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर निःशब्द उभे राहतात, एवढाच काय तो विधी. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये आलेल्या ‘द सिल्मॅरिलियन’मध्ये न्यूमेनॉर बेटावरचे ईश्वराचे स्थान म्हणजे एका पर्वताचा उघडा, छप्पर नसलेला माथा आहे. त्या बेटावर घुमटाचे प्रचंड देऊळ उभे राहते ते सौरॉन या खलनायकाच्या सांगण्यावरून, आणि मृत्यूपासून सुटका मिळावी म्हणून तिथे माणसांचे बळी दिले जातात. देऊळ बांधून अमरत्व वसूल करू पाहणारी ही भक्ती फ्रेझरच्या अर्थाने निव्वळ जादूच आहे.

अर्सुला ले ग्विन यांची वाट वेगळी. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि स्वतः ले ग्विन यांच्यावर ताओ या प्राचीन चिनी विचाराचा गाढ प्रभाव होता. १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये जादू हे शिकण्याचे शास्त्र आहे. साध्या खड्याचे रत्न झाल्याचा भास निर्माण करणे सोपे, पण तो खराखुरा बदलायचा तर त्याचे खरे नाव बदलावे लागते आणि त्याने जगाचा तोल ढळू शकतो, हे गुरू गेड या तरुण नायकाला खडा हातात घेऊन समजावतो. पुढच्या भागात टेनार ही मुलगी भेटते. लहानपणीच तिला घरातून नेऊन, तिचे नाव काढून घेऊन, निनावी शक्तींची पुजारीण केलेले असते. थडग्यांखालच्या ज्या भुयारात दिवा नेण्यास बंदी, तिथेच ती वाढते. या शक्ती खोट्या आहेत, असे गेड तिला सांगत नाही. त्या खऱ्या आहेत, पण पूजेला पात्र नाहीत, असे तो म्हणतो. माझ्या मते धर्माविषयी फँटसीने केलेले हे सर्वांत प्रगल्भ विधान आहे.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) मध्ये हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने येतो: देवाचे बळ भक्तांच्या श्रद्धेवर अवलंबून, आणि मनापासून मानणारा एकच उरल्यामुळे ओम नावाचा थोर देव कासव होऊन बसलेला.

ओडिन किंवा झ्यूस या युरोपातल्या प्राचीन देवांना कथेत आणणाऱ्या लेखकाला मोकळीक असते, कारण त्यांची पूजा आता जवळपास थांबली आहे. खंडोबाला कादंबरीत आणणाऱ्याच्या शेजारी मात्र सोमवतीला जेजुरीला जाणारे लोक राहतात. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने म्हणूनच हस्तर हा नवाच देव कल्पिला. सोने आणि धान्य दोन्ही बळकावू पाहणाऱ्या या देवाला त्याची माता वाचवते, पण त्याची कधी पूजा होणार नाही, या अटीवर. लोभी माणसे तरीही त्याचे देऊळ बांधतात, आणि पुढे त्यांचा वंशज त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकून मुद्रा लुटतो. भुकेल्या देवाला दाखवलेला तो नैवेद्य नसून, गळाला लावलेले आमिष असते.