चार वाक्यांचं काम

मंडळी, नमस्कार. परवा घरी वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून त्यावरच बोलतो. आपल्या गणपतीच्या नाटकात माझ्या मुलाला हवालदाराचं काम दिलंय, एकूण चार वाक्यं. तो म्हणाला, बाबा, चार वाक्यांसाठी दर शनिवारी तालमीला कशाला यायचं, मी नसलो तरी कोणाला कळणारसुद्धा नाही. माझा आवाज चढला, बायको मध्ये पडली. पण ते ‘कोणाला कळणार नाही’ मला फार लागलं.

हाच मुलगा फोनवर सीआयडीच्या क्लिप्स बघत बसतो. त्याला वाटतं शिवाजी साटम जन्मले तेच एसीपी प्रद्युम्न म्हणून! अरे, ते सेंट्रल बँकेत कॅशियर होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी, म्हणजे आपल्या रामायणातल्या दशरथांनी, त्यांना हेरलं आणि ‘संगीत वरद’मध्ये काम दिलं. ते दिवस तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलेत, ऑफिस सुटलं की टेबलं सरकवून तालीम, बटाटेवडा, आणि शेवटची लोकल चुकू नये म्हणून पळापळ. मग मालिका, सिनेमे, कुणाचा बाप, कुणाचा इन्स्पेक्टर. ‘वास्तव’मधला तो हतबल बाप आठवा, पडद्यावर किती वेळ आहे हे कोणी मोजलं का?

सीआयडी सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, साटम तेव्हा ४७ वर्षांचे. २०१८ पर्यंत चालली, दीड हजारांवर भाग, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हाही तेच एसीपी, वय ७४. वीस वर्षं एकच माणूस उभा करायचा आणि तो शिळा होऊ द्यायचा नाही, याला मी फार मोठं काम मानतो, रोज नवा वेश घालण्यापेक्षा अवघड.

२००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग सलग एका शॉटमध्ये केला, मध्ये कट नाही. म्हणजे शंभराव्या मिनिटाला दारातून येऊन दोन वाक्यं बोलणारा कुणी अडखळला असता तर पुन्हा पहिल्यापासून. मी मुलाला हे सांगितलं. तो ऐकत होता, पटलं का माहीत नाही.

आणि पटावं तरी कसं? तो हे आपल्याकडूनच शिकलाय. नाटक ठरलं की पालकांचे फोन येतात, आमच्या मुलीला किती वाक्यं आहेत. भारतातून नाटक आलं की फोटोसाठी रांग फक्त हिरो-हिरॉइनसमोर, आणि नोकराचं काम करून सगळं सभागृह हसवणारा तो कलाकार कोपऱ्यात एकटा चहा पितोय, हे याच हॉलमध्ये झालंय. मंडळी, हे बरं नाही.

साटमांच्या पाठीशी बँक होती, स्पर्धा होत्या, छोट्या कामात कोण चमकतंय हे बघणारी माणसं होती. आपल्याकडे वर्षातून एक नाटक, त्यात मुलांना मराठी जड जातं म्हणून आपणच वाक्यं कापतो, आणि कापायची ती आधी छोट्या पात्रांची. असं करत गेलो तर पाच वर्षांनी या मुलांना देण्यासारखं काम आपल्याकडे उरणार आहे का? कमिटीने यावर बसून बोलावं, मला तरी अजून उत्तर सापडलेलं नाही.