पंचवटीचं कॉलेज, तालुक्यातालुक्यांची मुलं

मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, पंचवटीत अमृतधामजवळ हिराबाई हरिदास विद्यानगरी आहे. पाठीवर सॅक, हातात ड्रॉइंगची नळी घेतलेली मुलं सकाळी इथल्याच फाटकातून आत जाताना दिसतात. क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय. नाशिककरांच्या तोंडी नुसतं 'के. के. वाघ'.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर इंजिनीअर व्हायचं म्हणजे पुणं, मुंबई, सांगली, कराड गाठायचं, आणि जागा मोजक्याच. पुढच्याच वर्षी, १९८४ ला, हे कॉलेज उभं राहिलं. सहकारात हयात घालवलेल्या कर्मवीर काकासाहेब वाघ यांच्या नावाची, कॉलेज चालवणारी शिक्षणसंस्था त्याआधीची, १९७० पासूनची. निफाड, सिन्नर, दिंडोरी, चांदवडच्या शेतकरी घरांना कॉलेजमुळे जवळची वाट मिळाली.

ग्रंथालय, वसतिगृह, संगणक कक्ष, मैदान हे सगळं आहेच. आपण मात्र वर्कशॉपमध्ये थांबू.

पहिल्या वर्षाचा फिटिंगचा जॉब. शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, पकडलेली लोखंडी पट्टी, हातात कानस. एका तुकड्याला खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्यात बसेल असा दात काढायचा. दोन्ही जुळवून उजेडाकडे धरायचे. मधून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात, पण अर्ध्या मिलिमीटरची किंमत इथं जी कळते ती कुठल्याच पुस्तकातून कळत नाही. आज कॉम्प्युटर शाखेकडे ओढा आहे, तरी त्या मुलांनीही हे करायलाच हवं.

शिकलेलं वापरायला नाशिकसारखं गाव नाही. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांपासून चार लेथवर चालणाऱ्या युनिटपर्यंत सगळं सापडतं. महामार्गानं पुढं गेलं की ओझर. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यातून मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमानं बाहेर पडली. इंटर्नशिपसाठी शहर सोडावं लागत नाही, ही इथल्या विद्यार्थ्याची खरी कमाई.

आता प्लेसमेंट. कंपन्या बोलावणं, ॲप्टिट्यूडची तयारी, ग्रुप डिस्कशन ही कामं ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलची. पण खरी कसोटी लागते ती मॉक इंटरव्ह्यूला. मराठी माध्यमातून आलेली मुलगी. मशीनचा भाग न् भाग सांगेल, पण 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की नजर खाली. तिला तिच्याच प्रोजेक्टवर बोलतं करायचं, मोडक्या इंग्रजीत का होईना, आणि चार जणांसमोर पुन्हा पुन्हा. करिअर मार्गदर्शनातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

अशा मुली आता वाढायला हव्यात. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या, कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी शासन भरतं.

सीईटीचा निकाल हातात घेऊन कुठल्याही कॉलेजच्या दारात उभ्या असलेल्या पालकांना एकच सांगणं. सगळ्यात मोठं पॅकेज किती, हे विचारू नका. आपल्या मुलाच्या शाखेतली किती मुलं मुलाखतीला बसली, किती नोकरीला लागली आणि पगाराच्या क्रमानं लावलेल्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला पगार किती मिळाला, हे विचारा.