थँक्यू म्हटलं की फौजी गप्प का होतो

नमस्कार मंडळी, कसे आहात? थंडी पडायला लागलीय, कपाटातले स्वेटर बाहेर आले असतील. परवा ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून पाळतात हा दिवस. तो छोटा कागदी झेंडा असतो बघा, लाल, गडद निळा आणि फिकट निळा, तो टाचणीने खिशावर लावायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. पैसे टाका बरं का, ते वीरनारींसाठी म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरतात. टाचणी तेवढी जपून लावा, टोचली की बोंब मारत बसाल.

तर आजचा विषय असा, की माजी सैनिकाला आपण थँक्यू म्हणतो तेव्हा त्याला आतून काय वाटतं? आपण समजतो, छान वाटत असेल. वाटतंही. पण फक्त छान वाटत नाही. मी आजवर ज्या ज्या फौजीला हे विचारलं तो आधी हसला, मग गप्प झाला आणि मग दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागला. हे लक्षात ठेवा, दुसऱ्याच कुणाबद्दल.

ही थँक्यूची रीत तशी अमेरिकेची. व्हिएतनामहून परत आलेल्या पोरांशी तिथं लोक नीट वागले नाहीत, त्याची बोच मागे राहिली, आणि मग १९९१ च्या आखाती युद्धानंतर आणि खास करून २००१ नंतर एअरपोर्टवर, हॉटेलात, कुठेही युनिफॉर्म दिसला की 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणायचा प्रघातच पडला. १९७३ ला त्यांची सक्तीची भरती बंद झाली, आता फौजेत जाणारे मूठभर, बाकीच्यांच्या घरात ना दारात कुणी फौजी. तिथले बरेच माजी सैनिक बोलून दाखवतात की समोरचा थँक्यू म्हणतो आणि पुढे निघून जातो, आम्ही आपले कॉफीचा कप धरून उभे.

आपल्याकडे आत्ता आत्तापर्यंत हे नव्हतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या, लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, ब्रिटिशांनी तिथं स्मारक उभं केलं. आजही तिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत. अशा गावात कोण कुणाला थँक्यू म्हणणार हो? तिथं सुट्टीवर आलेल्याला विचारतात, कधी आलास, कधी जाणार, आणि तिसरा प्रश्न, हळू आवाजात, कँटीनचं काही आणलंयस का. हा तिसरा प्रश्न बंद झाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. चारचौघांत 'तुमच्यामुळे आम्ही सुखाने झोपतो' म्हणायचं आणि कोपऱ्यात नेऊन रमची बाटली मागायची, ही कसली कृतज्ञता? असो, तो विषय वेगळा.

आता तुम्हाला एक किस्सा सांगतो. मला हा किस्सा इतका आवडतो की घरचे वैतागलेत, पण रेडिओवर पहिल्यांदाच सांगतोय, तेव्हा ऐकाच.

पुण्यात एका सोसायटीत गेटवर एक मामा आहेत. मूळचे माण तालुक्यातले. बँकेच्या गार्डसारखा निळा शर्ट, शिट्टी, हातात रजिस्टर. सोसायटीत सगळे त्यांना वॉचमन म्हणायचे, नाव कुणाला ठाऊक नाही. एकदा त्यांचा जुना पलटणवाला त्यांना भेटायला आला आणि गेटवरूनच मोठ्यांदा ओरडला, 'जय हिंद हवालदार साब!' सेक्रेटरी तिथंच पार्किंगमध्ये गाडी पुसत होते, त्यांनी चौकशी केली, तर कळलं की मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत आणि १९९९ ला कारगिलच्या वेळी द्रास भागात होते. झालं! सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. आपल्या गेटवर कारगिल योद्धा! २६ जुलै जवळच होता, कारगिल विजय दिवस, ठरला सत्कार.

मला सूत्रसंचालनाला बोलावलं होतं म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय. क्लब हाऊसमध्ये फ्लेक्स, त्यावर मामांचा फोटो आणि मागे कुठल्या तरी परदेशी लढाऊ विमानाचा फोटो, इंटरनेटवरून काढलेला. डीजे लावलेला, भिंती हादरत होत्या. मला सांगा, देशभक्तीला डीजे कशाला लागतो? म्हातारी माणसं कानात बोटं घालून बसतात आणि आपण म्हणतो वातावरणनिर्मिती. बरं, मामांची त्या दिवशी ड्यूटी होती, बदली गार्ड आलाच नव्हता, त्यामुळे सत्कारमूर्ती गार्डच्याच ड्रेसमध्ये. फोटोवाला म्हणतो, मामा टोपी काढा, कंपनीचं नाव दिसतंय.

शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, आणि चौथी-पाचवीतलं एक पोरगं पुढं आलं, त्याला शिकवून पाठवलं होतं 'थँक्यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणायला. ते म्हटलं त्यानं. आणि मग स्वतःच्या मनाचं विचारलं, 'मामा, तुम्ही किती शत्रू मारले?'

हॉल एकदम शांत. मामा म्हणाले, 'एकबी नाय बाळा. मी खेचरं हाकली.'

आता सेक्रेटरींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. ते माइक घ्यायला पुढे सरकले, पण मामांनी माइक सोडला नाही. हवालदार माणूस, सोडेल कसा? म्हणाले, मी एएससीचा, आर्मी सर्व्हिस कोअर, त्यातली अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट. गाडी जिथं संपते तिथनं आमचं काम सुरू. खाली रस्त्यावर तोफगोळे पडायचे, म्हणून ट्रकसुद्धा रात्रीचे लाइट बंद करून यायचे, आणि तिथनं पुढं आम्ही अंधारात खेचरं घेऊन चढायचो. पाठीवर दारूगोळा, रॉकेल, पाण्याचे जेरीकॅन. वर पाणी नाय ना, बर्फ वितळवायचा तर रॉकेल पाहिजे. खेचराच्या खुरावर नंबर असतो, फौजेत त्याला पण नंबर, मला पण नंबर. माझ्याजवळच्या मादीला मी अक्की म्हणायचो, बहिणीचं नाव ठेवलेलं. ती पुढे चालायची आणि मी तिच्या शेपटीला धरून, कारण रस्ता तिला दिसायचा, मला नाय. एके रात्री गोळा पडला. ती गेली आणि मी राहिलो, कारण ती मधी होती.

एवढं बोलून मामा थांबले, शाल जरा नीट केली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'अशी झूल आमच्या पेडोंगीला पण दिलती दिल्लीत. निळी, मखमली.'

लोकांना कळेना हसायचं की काय. एकदोघं हसले आणि मग दबले. तर मामांनी पेडोंगीची गोष्ट सांगितली, आणि ही गोष्ट फौजेत सगळ्यांना ठाऊक आहे बरं का. पेडोंगी ही खेचराची मादी, १९६२ ला फौजेत आली. १९७१ च्या युद्धात पाकिस्तान्यांच्या हाती लागली, त्यांनी तिच्या पाठीवर स्वतःची मशीनगन आणि दारूगोळा लादला, आणि ही बया त्यांचा डोळा चुकवून सगळं ओझं घेऊन चालत चालत परत आपल्या पलटणीत हजर! पुढं तिचं जड काम बंद केलं, खूप वर्षं जगली, १९९८ ला गेली, तोवर दिल्लीत समारंभात तिला मखमली झूल घालून मान दिला होता. मामा म्हणाले, 'तिला भाषण करायला नव्हतं सांगितलं, ते बरं होतं.'

या वेळी मात्र हॉल हसला, सेक्रेटरीपण हसले. आणि तेवढ्यात गेटवर पाण्याचा टँकर आला आणि हॉर्नवर हॉर्न मारायला लागला, बदली गार्ड नाही ना. मामांनी माइक त्या पोराच्या हातात दिला आणि शाल अंगावर तशीच ठेवून पळाले गेट उघडायला.

नंतर चहा घेताना मी विचारलं, मामा, खरं सांगा, कसं वाटलं? तर म्हणाले, 'साहेब, कुणी जय हिंद म्हटलं तर सोपं असतं, आपण पण जय हिंद म्हणायचं, मोकळं. थँक्यूला काय म्हणायचं ते ट्रेनिंगमधी शिकवलंच नाय. हात कुठं ठेवायचे ते पण कळत नाय. पगार घेतला, पेन्शन घेतोय, आणि जे पुढं गेले ते वेगळेच होते. त्यांचं हाय ते, माझ्याकडं कशाला देताय?'

मी म्हणालो होतो ना, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागतात. तेच हे. स्वयंपाकी असेल तर म्हणेल मी नुसत्या पुऱ्या लाटल्या, सिग्नलवाला म्हणेल मी तारा जोडल्या, आणि जो खरंच चकमकीत होता तो शेजारच्याचं नाव घेईल. आपल्याला हिरो पाहिजे असतो आणि त्याला त्या जागी दुसराच कुणी दिसत असतो, म्हणून तो गप्प होतो.

अरे बापरे, घड्याळात बघा, किस्स्यातच वेळ गेला. आता भराभर सांगतो.

एक म्हणजे, सरकारी पातळीवर माजी सैनिकांचा दिवस १४ जानेवारीला असतो, कारण १९५३ ला त्या दिवशी जनरल करिअप्पा रिटायर झाले होते, पुढे त्यांना फील्ड मार्शल केलं. पण १४ जानेवारी म्हणजे आपली संक्रांत, कोण लक्षात ठेवणार? आणि मराठी माणसाला त्या तारखेला पानिपतही आठवतं, १७६१ चं. यंदा तिळगूळ देताना तुमच्या गल्लीतल्या फौजीला पहिला द्या, एवढं जमेल.

आणि यशवंत घाडगे. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, वय अवघं बावीस, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ बसवलं, सावलीवर वेळ दाखवणारं. जवळपास ऐंशी वर्षांनी! त्यात डीजे नाही आणि शाल नाही. मला ही पद्धत फार आवडली, आपल्याकडे पुतळा झाला की त्याखाली टपऱ्या लागतात.

आता राहिलं मुख्य. जवान पस्तिशी-चाळिशीत रिटायर होतो, पोरं शाळेत असतात, मग पुन्हा नोकरी शोधा, आणि ती बहुतेक गेटवरचीच मिळते. हयातीचा दाखला वर्षाला द्यावा लागतो, आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेवर आलंय, म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन म्हणतं तुम्ही नाही. २००३ ला सुरू झालेल्या ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात जायचं तर खेड्यातून सकाळची एसटी पकडायची. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, गाडी आहे, दाखल्याच्या दिवशी त्यांच्याबरोबर जा, फॉर्म भरून द्या. त्यांच्या बायकोलाही विचारा, कारण तो पठाणकोटला असताना इथं म्हशीची धार काढून, सासूचं आजारपण काढून, पोरांची दहावी तिनं काढलेली असते आणि सत्काराला तिला मागच्या खुर्चीत बसवतात.

आणि थँक्यू म्हणायचंच असेल तर म्हणा, कुणी नको म्हटलेलं नाही. पण पुढं एक प्रश्न विचारा: कुठल्या युनिटला होता? परत सांगतो, कुठल्या युनिटला होता? किती मारले हे विचारू नका, पोरांनाही तेवढं सांगून ठेवा. युनिट विचारलंत की बघा माणूस कसा सरळ बसतो ते, मग चहा गार होईपर्यंत थांबायचं नाही तो, तुम्ही फक्त ऐकायला वेळ काढा, आणि खेचरांची गोष्ट निघाली तर अजिबात मधे तोडू नका.

तर ऐकणाऱ्यांमध्ये कुणी रिटायर्ड नाईक, हवालदार, सुभेदार असतील तर आम्हाला पत्र टाका किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पलटणीचं नाव आणि तिथला एखादा किस्सा, मी इथं वाचून दाखवीन. पुढच्या सोमवारी याच वेळेला हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलायचंय, शेतकरी मंडळींनी तेवढं लक्षात ठेवा. नमस्कार.