हृदयाभोवतीचं कवच

पोट फुगलेलं, पाय सुजलेले. घरच्यांना वाटतं, लिव्हर गेलं. खरं तर हृदयाभोवतीचं आवरण जाड, घट्ट होऊन हृदयाला आवळत असतं. पोटातलं पाणी काढतात, ते पुन्हा भरतं. यात महिने जातात, आणि हेच फार वाईट आहे, कारण खूण मानेवर उघड दिसत असते. पेशंट ताठ बसला तरी मानेच्या शिरा टरारलेल्या. श्वास आत घेतला की त्या एरवी ओसरतात. इथे उलट वर चढतात. जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७३ मध्ये हे नोंदवून ठेवलंय.

हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. तिला हृदयावरण म्हणतात. टीबी तिथे पोचला, की पदर एकमेकांना चिकटतात, जाड होतात, कधी त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, साठतो. भारतात या दुखण्याचं मुख्य कारण आजही टीबीच आहे. हृदय आकुंचन पावतं, पण सैल होऊन भरायला त्याला जागा उरत नाही. रक्त मागे तुंबतं.

सुरुवातीला औषधांनी फरक पडू शकतो. कवच एकदा घट्ट बसलं, की ते सोलूनच काढावं लागतं. फ्रेंच सर्जन एडमंड डेलॉर्म यांनी हा उपाय १८९८ मध्ये सुचवला होता.

छातीचं मधलं हाड उघडल्यावर समोर येतो चामड्यासारखा पांढरट थर. खाली हृदय धडधडत असतं आणि बहुतेक वेळा ते न थांबवताच काम चालतं. हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं सांभाळणारं हार्ट-लंग मशीन मात्र तयार ठेवतात. सर्जन शक्यतो डावा खालचा कप्पा आधी मोकळा करतात. उजवा आधी सुटला, तर तो जोमाने रक्त पुढे ढकलेल, डावा अजून जखडलेला असेल, आणि फुप्फुसांत पाणी भरेल. दोन्ही बाजूंनी श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसा जपायच्या. चुना स्नायूत रुतला असेल, तर तेवढा तुकडा तसाच सोडायचा. ओढला तर हृदयाची भिंत फाटते.

फार काळ आवळला गेलेला स्नायू सुटल्यावरही लगेच जोर धरत नाही. असे काही पेशंट ऑपरेशननंतर दगावतात. वेळेत आलेल्यांची लघवी वाढते, पायांची सूज उतरते, भूक लागते. टीबीच्या गोळ्या मात्र कोर्स पुरा होईपर्यंत घ्यायच्याच.