पन्हाळ्याची ती रात्र काळी नव्हती

(टेबलावर कोरा कागद. बाहेर पावसाचा आवाज.)

12 जुलै 1660. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. ही रात्र कॉमिकमध्ये रंगवायची म्हटलं की हात आधी काळ्या ट्यूबकडे जातो. पान फसतं ते तिथंच.

कारण ती आषाढातली पौर्णिमा होती. चंद्र ढगांआड, पण आभाळात होता. अशा रात्री ढग राखाडी-निळे उजळतात आणि पालखी, भोई, झाडी त्यावर गडद उठून दिसतात. आकाशदर्शनाच्या ॲपवर पडताळायचं तर एक गोम आहे. इतिहासाच्या पुस्तकातली तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या कॅलेंडरची असते, ॲपला आजची ग्रेगोरियन लागते. 22 जुलै टाका. 12 टाकलीत तर पंचमीची कोर दिसेल, तीही मध्यरात्रीआधीच मावळलेली!

(ब्रश पाण्यात बुडतो.)

कागद जाड, 300 जीएसएमचा, ए-थ्री, चारही कडांना टेप लावून फळीवर ताणलेला. संवादाच्या फुग्यांची जागा पेन्सिलीतच सोडायची. नंतर फुगा कोंबला की कुणाचं तरी पागोटं कापलं जातं. रेषेची शाई वॉटरप्रूफ हवी.

आभाळासाठी इंडिगो निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून तीन पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. कागद अर्धवट ओला असताना पाणीदार ब्रश टेकला, तर पाणी रंगाला कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. पावसाळी हवेत हे हमखास होतं. पावसाच्या रेघा सगळ्यात शेवटी, पांढऱ्या गौशने (अपारदर्शक जलरंगाने), सगळ्या एकाच तिरक्या दिशेने.

आता तपशील. खिंडीतल्या झुंजीआधीच्या चौकटीत ‘पावनखिंड’ लिहू नका. तेव्हा ती घोडखिंड होती. वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफखाना घेऊन आले होते, पण आजचा युनियन जॅक 1801 चा आहे. मंगळुरी कौलं एकोणिसाव्या शतकातली, गुलमोहरही तेव्हाच आलेला. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागते. मुसळधार पावसात ती धडाधड उडताना दाखवली, तर जाणकार वाचक तिथंच थांबेल.

(स्कॅनरचा उजेड सरकतो.)

ए-फोर स्कॅनरवर पान दोन भागांत घ्या. मधला थोडा भाग दोन्हींत यावा, 600 डीपीआय, रंगांची आपोआप दुरुस्ती बंद. ती सुरू राहिली तर दोन अर्ध्यांचं आभाळ जुळत नाही. संगणकावर अक्षरं चित्राहून वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त. नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

मोबाइलवर अख्खं पान टाकलं तर कुणी वाचत नाही. चौकटी सुट्या करा, 1080 बाय 1350 पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की फाइल दाबली जाते, आणि सगळ्यात आधी पुसल्या जातात त्या पावसाच्या बारीक रेघा.