खोक्यावरचा देश

अध्यक्ष महाराज, आणि घरच्यांचा रोष पत्करून रविवारी सकाळी इथे आलेल्या जुन्या गाड्यांच्या मालक-मालकिणींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या मोटारींचे सुटे भाग : मूळ देश आणि गुणवत्ता’. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली काही ओळख करून देण्यात गेली, आणि ती ओळखही माझ्यापेक्षा माझ्या फियाटचीच जास्त झाली. तक्रार नाही. गर्दी तिच्यासाठीच जमते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : खोक्यावर कुठल्या देशाचं नाव आहे यावरून पार्टची लायकी ठरवायची आपल्याला सवय लागलीय, ती सोडा. त्याऐवजी काय बघायचं, ते सविस्तर सांगणार आहे. पण आधी थोडं प्रास्ताविक.

दुकानात गेलात, मग ते मुंबईत ऑपेरा हाऊसचं असो की पुण्यात नाना पेठेतलं, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘ओरिजिनल देऊ, का लोकल?’ त्याच्या खाली आणखी एक पायरी असते, ती दुकानदार जरा आवाज उतरवून सांगतो : ‘दिल्लीचा आहे.’ हे शिवी दिल्यासारखं म्हणतात. आता गंमत बघा. मारुती बनते गुरुग्रामला, आणि तिला पार्ट पुरवणारे कितीतरी कारखाने त्याच पट्ट्यात आहेत. म्हणजे तुमच्या आठशेचा जो पार्ट कंपनीच्या खोक्यात येतो, तोही बऱ्याचदा दिल्लीचाच. फक्त खोकं बदललं की आपण त्याला नमस्कार करतो.

मालकांच्या मनातली उतरंडही पक्की आहे. सगळ्यात वर इटली, जर्मनी, जपान. मग आपला देश, आणि त्यातही मद्रासच्या मालाला जरा जास्त मान. मग तैवान. तळाला चीन. मी विचारतो, प्रीमियर एकशेअठरा एनई कुणाकुणाकडे आहे? हात वर करा. तीन. बरं, तुमच्या गाडीचा देश कोणता? बॉडी मुळात फियाट १२४ ची, इंजिन निसानच्या घराण्यातलं, आणि गाडी बनवली मुंबईच्या प्रीमियर कंपनीने. उत्तर चहाच्या वेळी द्या.

आता आमच्या मेहुण्यांची गोष्ट. इथल्या काहींनी ती आधी ऐकली आहे, त्यांनी हसायच्या जागा चुकवू नयेत.

हे गृहस्थ कंपनीच्या कामाने तुरिनला गेले. तुरिन म्हणजे फियाटची पंढरी. तिथे लिंगोट्टोचा जुना कारखाना आहे, १९२३ साली सुरू झालेला. कच्चा माल तळमजल्यावर आत जायचा, मजल्यामागून मजला गाडी जुळत वर चढायची, आणि तयार झाली की थेट गच्चीवरच्या ट्रॅकवर पळवून बघायची. मेहुण्यांनी गच्चीवर उभं राहून फोटो काढला, तो आम्हा सगळ्यांना चार-चार वेळा पाठवला. आणि मग कुठल्याशा जुन्या बाजारातून त्यांनी माझ्या गाडीसाठी ब्रेकच्या कपांचं, म्हणजे सिलिंडरमधल्या रबरी वाट्यांचं, पाकीट मिळवलं. फियाटचा छाप, मेणकागद, पार्ट नंबर अचूक. हे पाकीट त्यांनी कधी दिलं? भाऊबीजेला. बहिणीने ओवाळलं आणि भावाने तबकात व्हील सिलिंडरचे कप टाकले. पैठणी नाही, काही नाही. आमच्या मंडळींनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन या व्यासपीठावरून करता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणे स्वतः गॅरेजला आले. मिस्त्रींनी पाकीट फोडलं, एक कप घेतला, अंगठ्याने त्याची कड दुमडली. कडेला बारीक भेगा पडल्या. दुसरा घेतला, तोही तसाच. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, माल अस्सल आहे, पण मेलाय.’ मेहुणे म्हणाले, तुमच्या हाताला जोर जास्त आहे. मग अर्धा तास वाद. इटालियन माल असा कसा तुटेल, तुम्ही लोक जपून हाताळत नाही, वगैरे. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता कपाटातून मद्रासकडचं ताजं किट काढलं आणि बसवलं. ब्रेक उत्तम लागला. मेहुणे अजून मानत नाहीत.

यात फसवणूक कुणीच केली नव्हती, हे लक्षात घ्या. पाकिटावर लिहिलेला देश खरा, कंपनी खरी, नंबर खरा. पण माझी गाडी ज्या मॉडेलची, ती ११०० डी इटलीत बनायची थांबली १९६६ साली. रबर लोणच्यासारखं मुरत नाही, ते बंद पाकिटातही म्हातारं होतं. आणि तरी आपल्याकडे एक विक्रेते आहेत, नाव घेत नाही, ते असलंच रबर ‘न वापरलेला जुना साठा’ म्हणून काचेच्या पेटीत ठेवतात आणि ताज्याच्या कैक पट भाव लावतात. मी त्यांना म्हटलं, पितळी हँडल ठेवा, घड्याळ ठेवा, बोधचिन्ह ठेवा, खुशाल दाम घ्या. पण ब्रेकचे कप? ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक मागतं.’ मागतं, कारण आपणच मागतो!

आता खरा मुद्दा, म्हणजे कुर्ला, जिथे प्रीमियरने फियाट बनवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली. त्या काळी परदेशातून सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या कंपन्याही होत्या. जनरल मोटर्स तर १९२८ पासून शिवडीला गाड्या जुळवत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, प्रीमियर राहिली. आणि मग पार्ट इथे बनवणारे उभे राहिले. बेंगळुरूत बॉशबरोबर मायको १९५१ ची, ल्यूकस-टीव्हीएस १९६१ ची, गर्लिंग या ब्रिटिश ब्रेक कंपनीच्या परंपरेतली ब्रेक्स इंडिया १९६२ ची. म्हणजे मूळ कंपन्यांचं ज्ञान, ड्रॉइंग, रबराच्या मिश्रणाचं सूत्र, सगळं रीतसर इथे आलं. आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो, त्या ११०० चा पसारा इटलीने कधीच आवरला होता, आणि त्याच कुळातली पद्मिनी आपण शतक सरेपर्यंत बनवत होतो. मग या गाडीच्या पार्टचा अनुभव कुणाला जास्त?

शिवाय परीक्षक कोण होते? मुंबईचे टॅक्सीवाले. पावसात, खड्ड्यांत, दिवस-रात्र दोन पाळ्यांत गाडी. ज्याचा वॉटर पंप लवकर गळेल, त्याचं नाव स्टँडवर संध्याकाळपर्यंत पसरायचं. असलं तपासणी खातं जगात कुठल्या कारखान्याकडे नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आपण सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. पण तिच्याबरोबर मागणीही गेली, आणि आता… हो, चिठ्ठी आली. सात मिनिटं? पाच. अध्यक्षांना गाडी गाठायची आहे, रेल्वेची.

तर भरभर सांगतो, कारण व्याख्यान खरं हेच होतं.

मागणी गेली की चांगला उत्पादक साचे मोडीत काढतो. उरतो तो कुणीतरी, जो तुमच्याकडचा जुना पार्ट नमुना म्हणून घेतो आणि तसाच दुसरा करतो. नमुना झिजलेला असेल तर झीजही हुबेहूब उतरते. ओतकामात तर आणखी एक भानगड : धातू थंड होताना आकसतो, बिडाचं ओतीव साधारण एक टक्का, ॲल्युमिनियम त्याहून जरा जास्त. जुन्या पार्टचाच साचा घेऊन ओतलं, तर शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर गायब. ही चूक तुरिनमध्येही होईल आणि तैपेईतही. म्हणून विचारायचा प्रश्न ‘देश कुठला’ हा नाही. ‘ड्रॉइंगवरून केलाय की नमुन्यावरून?’ हा आहे. दुकानदाराला माहीत नसेल, बनवणाऱ्याला असतं.

बनवणारा शोधायचा कसा? २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता लागतो, आयात माल असेल तर मूळ देश, शिवाय महिना-वर्ष. देश सोडून बाकी सगळं आधी वाचा. रबराला तारीख नसेल तर घेऊ नका. बेअरिंग खोक्यावरून घेऊ नका, बाहेर काढून कड्यावर कोरलेलं वाचा. एकाच कंपनीचं बेअरिंग अनेक देशांत बनतं, आणि बेअरिंगची नक्कलही खूप होते.

लोकल आणि डुप्लिकेट यांत गल्लत नको. लोकलवाला स्वतःचं नाव छापतो, चुकला तर सापडतो. डुप्लिकेटवाला दुसऱ्याचं नाव छापतो. आरसा, हँडल, बीडिंग लोकल चालेल. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची लाइन, इथे नाव नसलेला पार्ट नकोच. आणि ब्रेकचे कप पेट्रोलने धुणाऱ्याला गाडी देऊ नका; ते फक्त ब्रेक ऑइलने धुवायचे असतात.

शेवटचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्या फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, आणि जुने पाइप त्यासाठी केलेलेच नाहीत, तेव्हा इथे अस्सल इटालियन काय आणि अस्सल कुर्ल्याचं काय, दोन्ही बाद. रबराच्या नवीन मिश्रणाचा डायफ्रॅम करून देणारा एक मोल्डिंगवाला तयार आहे. ड्रॉइंग आम्ही न वापरलेल्या पंपावरून काढलंय. पण तो पाच-दहा नग करणार नाही, एकत्र ऑर्डर लागेल. दाराजवळच्या टेबलावर वही आहे : नाव, गाडीचं वर्ष, पंप कुठल्या कंपनीचा. एकशेअठरावाल्यांनी वेगळ्या पानावर लिहा, तुमचा पंप निराळा. चहा त्याच टेबलाच्या पलीकडे ठेवलाय, मुद्दामच.