तांडेलाला दिसेल अशी नळी, हातातून सोडता येईल असा स्पूल

मंडळी, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा स्कूबा डायव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स गेल्या सीझनला झाला. कुणाचा तारकर्लीला, कुणाचा हॅवलॉकला. मास्क घेऊन झाला, फिन्स घेऊन झाल्या, आणि आता कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जायचं ठरल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न आलाय: स्वतःची एसएमबी आणि स्पूल घ्यायचा तर कुठला घ्यायचा? एसएमबी म्हणजे सरफेस मार्कर बॉय. डाइव्ह संपत आली की पाण्याखालून फुगवून वर सोडायची ती नारिंगी नळी. आणि स्पूल म्हणजे तिला बांधलेली दोरी ज्यावर गुंडाळलेली असते ती चकती. वस्तू दोनच, पण या दोन वस्तूंबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण बाकीचं सामान तुम्ही स्वतःसाठी घेता. नळी तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तरी घेता.

ते कसं, ते सांगते. मालवणला एका होडीवर मी बरीच वर्षं जातेय. तिच्यावरच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, मी एकदा विचारलं, की आम्ही लांब वर आलो तर तुला दिसतो का? तो म्हणाला, "लाटांत तुमचा डोक्यां आणि नारळ माका सारखेच दिसतत. ती काठी वर इली की मगे समाजता." त्या दिवसापासून नळी घेताना मी त्याच्या डोळ्यांनी बघते. तो उभा असतो होडीच्या नाळीवर, दुपारचं ऊन पश्चिमेकडून पाण्यावर चमकत असतं, समोर जाळ्यांचे बोये, थर्माकोलचे तुकडे, प्लॅस्टिकचे कॅन तरंगत असतात. या सगळ्यातून त्याला तुम्हाला वेगळं काढायचंय. तुमचं डोकं पाण्यावर वीतभर. अर्धा मीटर लाट असली तरी निम्मा वेळ ते दिसतच नाही. आणि तुम्हाला शोधणारी होडी ही एक बाजू झाली. ज्यांना तुम्ही खाली आहात हे माहीतच नाही अशा ट्रॉलरना, जेट स्कीवाल्यांना, पॅरासेलिंगच्या स्पीडबोटींना तुम्ही वर येण्याआधी समजायला हवं, की इथे खाली माणूस आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी महिला डायव्हर होडीपासून दुरावल्या. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या, दोघींचा मृत्यू झाला. त्यांच्यात अनुभवी प्रशिक्षकही होत्या. करंट असलेल्या पाण्यात चांगला डायव्हरसुद्धा किती लवकर नजरेआड होतो, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

आता नळीकडे येऊ. दुकानात गेलात की पहिला मोह होतो सगळ्यात मोठी घेण्याचा. मोठी म्हणजे लांबून दिसणार, हे खरंच आहे. पण ती पाण्याखाली फुगवायची तुम्हालाच आहे, तेव्हा थोडा हिशेब करू. ही माझ्या हातातली नळी १.२ मीटर लांब आणि सपाट ठेवली तर १५ सेंटीमीटर रुंद आहे. पूर्ण फुगली की तिच्यात साधारण साडेआठ लिटर हवा मावते. ती दुसरी १.८ मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद. दिसायला दीडपट वाटते, पण तिच्यात २३ लिटर मावतात. जवळजवळ पावणेतीन पट.

दहा मीटर खोलीवर दाब २ बार असतो, पाण्यावरच्या दुप्पट. तिथे भरलेली हवा वर पोचेपर्यंत दुप्पट होते. म्हणजे लहान नळी तिथे निम्मी भरली की पुरे, चार लिटरच्या आसपास. चार लिटर म्हणजे किती? तुमचा एक पूर्ण श्वास. मोठ्या नळीला त्याच खोलीवर साडेअकरा लिटर लागतात, म्हणजे तीन श्वास. आणि पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या ठरलेल्या थांब्याला, थांबून भरायला गेलात तर १५ लिटर, चार श्वास.

हा श्वासांचा हिशेब मी का करतेय? तुम्ही एक श्वास नळीत सोडता तेव्हा हवा छातीतून नळीत जाते, पण असते तुमच्याजवळच. त्यामुळे तुमची तरंगण्याची स्थिती बदलत नाही. पुढचा श्वास घेतला, की छातीही भरलेली आणि नळीही भरलेली. आता तुम्ही वर उचलले जायला लागता. अजून नळी सोडलेली नाही, दोरी नीट हातात नाही, आणि खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर बीप करतोय. नवख्या डायव्हरची गडबड होते ती नेमकी या दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली नळी एका श्वासात निभेल अशी घ्या. १.२ ते १.४ मीटर, आणि अरुंद. ऑक्टोपसने, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या श्वास घ्यायच्या जादा तोंडाने, भरलीत तरी हरकत नाही, साडेआठ लिटर म्हणजे अकरा लिटरच्या सिलिंडरमधला एक बारसुद्धा नाही. गॅस संपेल ही भीती मनातून काढा. मोठी नळी पुढे घ्या, अंदमानला डिक्सन्स पिनॅकलसारख्या उघड्या पाण्यातल्या जागी जायला लागलात की.

अरुंद का, तेही सांगते. नळी वर गेली म्हणजे उभी राहिली असं नाही. दोरी सैल असेल तर ती पाण्यावर आडवी पडते, आणि आडवी नळी तांडेलाला दिसत नाही. तिला उभं ठेवते ती तुमची खालून ओढ. साडेआठ लिटरच्या नळीला तुम्ही तीन किलोची ओढ दिलीत, तर तिचा साधारण तीन लिटरचा भाग पाण्याखाली जातो आणि जवळजवळ पाऊण मीटर काठी पाण्यावर ताठ उभी राहते. बीसीडीतली, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जॅकेटातली, थोडी हवा काढा, दोरीला हलकेच लोंबा, झालं. २३ लिटरच्या नळीचा तेवढाच भाग बुडवायला आठ किलो ओढावं लागेल. ते तुम्ही करणार नाही आणि करूही नये. वर आल्यावर मात्र नळीचा तळ दोन्ही हातांनी धरून खाली खेचा, तेव्हा कुठलीही नळी ताठ होते.

तोंडाबद्दल. नळीचं खालचं तोंड नुसतं उघडं असेल तर भरायला सगळ्यात सोपं, पण वर गेल्यावर लाटेने आडवी झाली की हवा निघून जाते आणि तुमची निशाणी बुडते. तशी घेऊ नका. दुसऱ्या प्रकारात तोंडात आतून एक पडदा असतो, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. तिसरा प्रकार पूर्ण बंद, बारीक नळीतून तोंडाने फुगवायचा. पहिल्या खरेदीला मी पडदावाली सुचवते, कारण ती तोंडानेही भरता येते आणि ऑक्टोपसनेही. एक गोष्ट न विसरता बघा: जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह. बंद नळी खोलवर जास्त भरली गेली तर वर जाताना हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही तर शिवण उसवते. दुकानातच नळी तोंडाने गच्च फुगवा, दहा मिनिटं टेबलावर ठेवा, मग दाबून बघा. व्हॉल्व्हची दोरी ओढून हवा झटकन निघते का तेही बघा. दुकानदार काही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर दुसरं दुकान बघा.

रंग नारिंगी. काही ठिकाणी पिवळी नळी म्हणजे "मदत हवी" असा संकेत आहे, काही ठिकाणी नाही. म्हणून होडीवर चढल्यावर ब्रीफिंगमध्येच विचारा, इथे पिवळ्याचा अर्थ काय घेता. वरच्या टोकाला परावर्तक पट्टी असली तर उत्तम. माझ्या नळीवर इंग्रजीत छापलेलं आहेच, त्याखाली मी पक्क्या मार्करने मोठ्या देवनागरी अक्षरांत "डायव्हर" लिहून घेतलंय. जाळ्याचा बोया समजून कुणी उचलायला आला, तर जवळ येईपर्यंत त्याला कळेल.

आता दोरी. लहानपणी संक्रांतीला पतंग उडवलेत ना? मग तुम्हाला आसारी माहीत आहे. एक जण पतंग उडवतो, दुसरा आसारी धरतो, आणि "ढील दे" म्हटलं की आसारी बोटांत गरगर फिरते. स्पूल म्हणजे तीच आसारी, फक्त दांडे नाहीत आणि मधल्या भोकात तुमचं एक बोट आहे. पतंगासारखीच नळी वर जाते, स्पूल बोटावर फिरतो. त्यात एकही हलणारा भाग नाही, म्हणून अडकण्यासारखं फार काही नाही.

रीलमध्ये ते असतं. हँडल, दांडा, ब्रेक, खटका. माझी पहिली वस्तू रीलच होती, कुणाची तरी वापरलेली, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली. नेत्राणीला बारा मीटरवर मी नळी सोडायला गेले. हात मोकळे राहावेत म्हणून रील माझ्या जॅकेटच्या डी-रिंगला, म्हणजे सामान अडकवायच्या कडीला, क्लिप केली होती. नळी सुटली, दोरीला एक सैल वेढा पडला, तो ड्रमवरून उतरून फटीत गेला आणि रील जागच्या जागी थांबली. नळीत चार लिटर हवा, म्हणजे चार किलोची ओढ. मी वर जायला लागले. क्लिप काढायला गेले तर ताणाखाली ती उघडेना. चार मीटरवर पोचेपर्यंत तीच हवा सहा लिटरच्या वर गेली होती, ओढ वाढतच होती. माझ्या बडीने, म्हणजे जोडीच्या डायव्हरने, माझा फिन पकडला आणि कटरने दोरी कापली. मी श्वास सोडत राहिले होते, म्हणून मला काही झालं नाही. पण त्या वेगाने वर जाताना श्वास रोखून धरला असता, तर फुप्फुसं फाटू शकली असती. आज मी जे शिकवते त्यातला अर्धा भाग त्या दहा सेकंदांचा आहे.

तेव्हा नियम एकच, आणि तो मी प्रत्येक बॅचला म्हणायला लावते: नळी सोडताना दोरी अंगाला कुठेही जोडलेली नसावी. अडकली, ओढ लागली, गोंधळ वाटला, की हात उघडा. स्पूल गेला तर जाऊ दे. वर सापडेलच, नळीलाच तर बांधलाय.

स्पूल घेताना हातात धरा. मधल्या भोकात तर्जनी सैल फिरली पाहिजे. कडेवरून नखाने एक पूर्ण फेरी मारा. साच्यातून निघालेली धार राहिली असेल तर नख अडखळेल, आणि जिथे नख अडखळतं तिथे दोरी झिजते. प्लॅस्टिकचा पुरतो, धातूचा देखणा असतो पण पहिल्या खरेदीला गरज नाही. दोरी कडेपर्यंत ठासून भरलेली नको, बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी कड रिकामी राहू दे, नाहीतर वेढे घसरतात. दोरी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. पाण्यावर तरंगणारी दोरी घेऊ नका, ती सैल पडली की तुमच्याच डोक्याभोवती वेटोळी घालते. सोबतचा दुहेरी हूक मरीन ग्रेड स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा असावा. वरून नुसती चमक दिलेला हूक आमच्या कोकणच्या खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये जाम होतो.

लांबी किती? दुकानात १५ मीटर आणि ३० मीटर अशा दोन्ही मिळतात. १५ मीटर सेफ्टी स्टॉपवरून सोडायला पुरते. पण करंटमध्ये दोरी तिरकी जाते, आणि पुढेमागे तुम्ही बारा-पंधरा मीटरवरून सोडायला शिकाल. म्हणून ३० मीटर घ्या. घरी आणल्यावर पूर्ण उलगडा आणि नळीच्या टोकापासून पाच मीटरवर मार्करने जाड खूण करा. ती खूण स्पूलपाशी आली आणि दोरी सरळ ताठ असली, की तुम्ही पाच मीटरवर आहात. कॉम्प्युटर बंद पडला तर ही खूणच तुमचा सेफ्टी स्टॉप.

(श्रोत्यांतून प्रश्न आला, की बडीकडे नळी असताना आपल्याकडे हवीच का.)

हवी. नळी लागते त्यातले बरेच प्रसंग बडीपासून दुरावल्याचेच असतात. आमच्या मालवणच्या पाण्यात किती मीटर दिसतं तुम्हाला माहीत आहे, काही दिवस तर पसरलेला हातही धूसर दिसतो. तिथे दोघांत एक नळी म्हणजे एकाकडे नळी नाही. आणि बरोबर असाल तेव्हा एकानेच सोडायची, दोन दोऱ्या एकमेकींत गुंततात. दुसऱ्याने समोर थांबायचं, सोडणाऱ्याच्या खोलीवर डोळा ठेवायचा, आणि नळी सोडण्याआधी वर बघायचं की होडीचा तळ डोक्यावर नाही ना.

(दुसरा प्रश्न सरावाबद्दल होता.)

आधी जमिनीवर. बायकोला, नवऱ्याला, मुलाला नळीचं टोक धरून जिना चढायला सांगा, तुम्ही खाली उभं राहून स्पूल बोटावर फिरू द्या. बोट आणि अंगठ्याने हलका ब्रेक लावायला शिका, मग परत गुंडाळा. गुंडाळताना दोरी कायम ताणलेली हवी. डोळे मिटून जमलं की तरणतलावात, आणि मग प्रशिक्षकाबरोबर समुद्रात. सहा मीटरवर, वाळूवर, करंट नसताना. एकट्याने पहिल्यांदा कधीच नाही. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात दोरी पूर्ण उलगडून धुवा, नळीच्या आतही पाणी घालून काढा, सावलीत वाळवा.

टेबलावर चार स्पूल आहेत, त्यातल्या एकाच्या कडेला मुद्दाम धार ठेवलेली आहे. पाच-पाच जण पुढे या, नखाने तपासा आणि कुठला ते मला सांगा. मग आपण जिन्यावर जाऊ.